बाराखडी तोंडपाठ, पण 'काकू' वाचता येत नाही: ध्वनींची जाण कशी द्यायची?

फळा_खडू

तिसरीचा वर्ग, मराठी माध्यम. चार मुलं वाचनात अडकली आहेत. बाराखडी चालीत बिनचूक म्हणतात, पण मध्येच 'के' दाखवला की 'क का कि की' करत तिथवर यावं लागतं. 'कमळ' हा शब्द क, म, ळ असा सुटा नीट वाचतात आणि 'मग शब्द काय झाला?' विचारलं की चित्राकडे बघून 'फूल' म्हणतात. श्रुतलेखनात 'पाटी'चं 'पट' होतं, 'कोबी'चं 'कब'.

इंग्रजी वाचनासाठी बनवलेल्या ध्वनिखेळांची यादी हाताशी आहे: यमक ओळखा, पहिला ध्वनी सांगा, मधला ध्वनी काढा. ती मराठीत तशीच वापरली तर चालेल का? परिपाठानंतर रोज २० मिनिटं मिळतात. साहित्य म्हणाल तर पाट्या, खडू आणि आवारात जे सापडेल ते.

वाचा_भाषा

तशीच वापरू नका. त्या याद्या सुट्या ध्वनीला सुटं अक्षर असलेल्या लिपीसाठी आहेत. आपल्या लिपीत 'क' म्हणजे क् आणि अ असे दोन ध्वनी एकाच खुणेत बसलेले. मूल पहिल्या दिवसापासून ही जोडगोळीच शिकतं, त्यामुळे अक्षर त्याला कळतं, पण अक्षराच्या पोटात दोन तुकडे आहेत हे उमगायला वेळ लागतो.

तुमच्या श्रुतलेखनाच्या चुका बघा. 'पाटी'चं 'पट': प आला, ट आला, दोन्ही स्वर गेले. म्हणजे व्यंजनांचा सांगाडा ऐकू येतोय. स्वर हा वेगळा, बदलता येणारा तुकडा आहे एवढंच अजून पोचलेलं नाही. काम तिथे करायचंय.

आधी प्रत्येकाची तोंडी चाचपणी करा. एका वेळी एक मूल, पाटी-पुस्तक बाजूला, दहा-बारा मिनिटं. प्रत्येक पायरीवर दोन उदाहरणं करून दाखवा आणि मग पाच विचारा. पाचपैकी चार आली तर पुढची पायरी.

पहिली, सारखे की वेगळे: दार–धार, ताट–थाट, कार–खार, बात–भात, आणि मध्येच एखादी दार–दार अशी सारखी जोडी. बोलताना ओठांसमोर वही आडवी धरा. तोंडावर हात ठेवू नका, आवाज दबतो आणि मुलाचा दोष नसताना चूक मोजली जाते.

दुसरी, अक्षर गाळणे: 'बटाटा'तला ब काढ. (टाटा. इथे मुलं हसतात, हसू द्या.) 'मासोळी'तला मा काढ.

तिसरी, स्वर बदलणे: 'काका म्हण. आता शेवटी ऊ आण.'

चौथी, नुसतं व्यंजन गाळणे: 'माई'तला म् काढ.

जिथे पहिल्यांदा अडलं तिथून सुरुवात करायची. चौघंही एकाच पायरीवर असतील असं धरून चालू नका.

फळा_खडू

आभार. एक शंका. प्रशिक्षणात शब्दातल्या अक्षरांवर टाळ्या वाजवायला सांगतात. 'बदक'ला तीन टाळ्या. यातलं एक मूल दर वेळी दोनच वाजवतं. 'घर'ला एक. त्याला अक्षरं मोजता येत नाहीत असं समजायचं?

अनुस्वार

त्या मुलाचे कान उत्तम आहेत, चूक टाळ्या शिकवणाऱ्याची आहे.

मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण उच्चारत नाही. लिहितो 'घर', म्हणतो घर्. तोंडाला तो एकच झटका आहे. 'बदक' म्हणजे ब-दक्, दोन. शब्दाच्या मधलाही अ पुष्कळदा गळतो: 'काकडी' लिहायला तीन अक्षरं, बोलायला काक्-डी. 'चिमणी' चिम्-णी. 'करवत' लिहायला चार, बोलायला कर्-वत्.

तुमच्या 'कमळ'च्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. क, म, ळ ही तिन्ही अक्षरं अ लावून म्हटली की जोडून 'कमळ' होत नाही, 'क-अ-म-अ-ळ-अ' होतं, आणि असा शब्द त्या मुलाने जन्मात ऐकलेला नाही. मग ते चित्राकडे बघणार नाही तर काय करणार? अक्षरं आली, पण जोडणी करताना कुठला अ टाकायचा हे कुणी सांगितलंच नाही.

रिसोर्सरूम

थोडा विरोध नोंदवतो. टाळ्या उच्चाराप्रमाणे घेतल्या तर लिहिताना मूल 'बदक' दोनच अक्षरांत लिहील. वाचन शिकवायचं म्हणजे शेवटी लिपीशीच गाठ आहे ना?

अनुस्वार

लिपीशी गाठ आहेच, पण टाळी हे बोलण्याचं माप आहे. एकाच फूटपट्टीने दोन गोष्टी मोजू नका. टाळी तोंडासाठी आणि चिंचोका पाटीसाठी. 'बदक' म्हण: दोन टाळ्या. 'बदक' लिही: तीन घरं, तीन चिंचोके. दोन्ही आकडे वेगळे येतात हे मुलाला उघड सांगा, लपवू नका.

पहिला आठवडा मात्र जिथे दोन्ही मापं जुळतात तेच शब्द घ्या, म्हणजे ज्यांच्या प्रत्येक अक्षराला काना, मात्रा, वेलांटी किंवा उकार आहे असे. काका, मामी, पाणी, गाडी, टोपी, केळी, मेथी, कोबी, बाहुली, पाहुणा, मासोळी, टोमॅटो. 'काकडी' आणि 'गाजर' भाजीच्या टोपलीतून तूर्त बाहेर.

रिसोर्सरूम

मान्य. टाळी आणि चिंचोका वेगळे ठेवले तर माझा आक्षेप उरत नाही.

जोडणीसाठी वर्गात चालणारा एक ठोकताळा देतो. हा तीन अक्षरी, जोडाक्षर नसलेल्या आणि मधलं अक्षर बिनकान्याचं असलेल्या शब्दांपुरता आहे. शेवटचं अक्षर बघायचं. ते बिनकान्याचं असेल तर शेवटची दोन आधी जोडायची: क + मळ, म + गर, ब + दक. शेवटच्या अक्षराला काना-मात्रा-वेलांटी असेल तर पहिली दोन आधी जोडायची: बक + री, चिम + णी, काक + डी. चार अक्षरी असतील तर दोन-दोन: सर + कार, कर + वत. जोडायचा भाग खडूने कंसात घ्या किंवा खाली चाप काढा. चाप पाहून वाचणं दहा-पंधरा दिवस, मग चाप पुसायचा.

यासाठी मुलाला 'घर, मळ, दक, सर, वत' असे दोन अक्षरी तुकडे एका दमात वाचता यायला हवेत, मग ते अर्थाचे असोत की बिनअर्थाचे. ते येत नसतील तर तीन अक्षरी शब्दांना हातच लावू नका.

फळा_खडू

हे आजच करून बघता येईल. पण मूळ दुखणं मात्रांचं आहे. स्वर वेगळा काढायला शिकवायचं म्हणजे प्रत्यक्ष काय करायचं?

वाचा_भाषा

मराठीने एक आयती सोय करून ठेवली आहे: काका, काकी, काकू. तिन्ही नाती मुलाच्या घरातली, आणि फरक फक्त शेवटच्या स्वराचा. तशाच पाट–पाटा–पाटी, वाट–वाटा–वाटी, माळ–माळा–माळी, गोळा–गोळी, दोरा–दोरी, गाडा–गाडी–गाडे. स्वर बदलला की माणूस बदलतो, वस्तू बदलते. मुलाच्या दृष्टीने स्वर 'खरा' होतो तो इथे.

साहित्य: चिंचोके व्यंजनांसाठी, मक्याचे पिवळे दाणे स्वरांसाठी. प्रत्येकाला सहा-सहा पुरतात. जमिनीवर खडूने एका ओळीत चार चौकोन. ही चौकोनांची युक्ती सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ दानिल एल्कोनिन यांची. आपण फक्त दोन रंग वापरून ती अक्षराच्या पोटात शिरायला वापरतो.

'काकी' घ्यायचं. चिंचोका, दाणा, चिंचोका, दाणा. बोटाने एकेक पुढे सरकवत म्हणायचं: क्–आ–क्–ई. मग शेवटचा दाणा उचलायचा, दुसरा ठेवायचा: 'आता ऊ. कोण आलं?' काकू. चिंचोके जागचे हलत नाहीत, दाणा तेवढा बदलतो. हे हाताने झालं पाहिजे. शिक्षकाने सरकवून मुलाने बघणं याचा उपयोग निम्माही नाही.

लगेच त्याच ठिकाणी पाटीवर 'काकी' लिहून वेलांटी पुसायची आणि उकार द्यायचा. तोंड, दाणा, खडू, याच क्रमाने, एकाच बैठकीत. 'आधी महिनाभर नुसते कानाचे खेळ, अक्षरं नंतर' असं करू नका.

बाराखडीची चाल या वीस मिनिटांत बंद. का–की–कू–के–को उलटसुलट क्रमाने घ्या. चालीत मुलाला सूर आठवतो, अक्षर नाही.

रिसोर्सरूम

यात एक चूक हमखास होते. ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह. 'पाणी'चं 'पाणि' लिहिलं तर या टप्प्यावर ते बरोबर धरा. बोलताना इ-ई, उ-ऊ मध्ये आपण अर्थ बदलेल इतका फरक करत नाही. शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा हा लेखनाचा नियम आहे, कानाने सापडणारी गोष्ट नाही. ध्वनीच्या कामात तो घुसवला की मूल पुन्हा गोंधळतं.

आणखी एक. 'कि'ची वेलांटी लिहायला आधी आणि उच्चारायला नंतर. दाण्यांच्या खेळात दाणा चिंचोक्याच्या उजवीकडे असतो, पाटीवर डावीकडे जातो. म्हणून सुरुवातीला आ, ई, ऊ, ओ घ्या, पहिली वेलांटी सगळ्यात शेवटी.

फळा_खडू

माईतला म् काढायला सांगितलं. चौघांपैकी तिघं 'ई' म्हणाले.

वाचा_भाषा

अपेक्षित उत्तर आहे. त्यांनी म् नाही, अख्खं 'मा' काढलं. म्हणजे तिघं अक्षराच्या पातळीवर पक्के आहेत आणि पुढच्या पायरीच्या दारात उभे आहेत. 'चूक' म्हणू नका. संवाद साधारण असा व्हायला हवा:

'माई. मा-ला किती वस्तू लागल्या?'
'दोन. चिंचोका, दाणा.'
'चिंचोका माझ्याकडे दे. दाणा तिथेच राहू दे. काय उरलं?'
'… आ.'
'पुढे?'
'ई. आ, ई.' आणि मग डोळे मोठे करून, 'आई!'

माईत आई लपली आहे. तशीच ताईत, बाईत, घाईत, गाईत, राईत. मराठीत हे भांडार मोठं आहे:
साठ, पाठ, गाठ, काठ यात आठ.
राग, बाग, माग यात आग.
लेक, केक यात एक.
सून, खून यात ऊन.
कूस, मूस यात ऊस.
काळी, जाळी, टाळी, माळी यात आळी.

सुरुवात म, न, स, ल, र यांनी करा. हे लांबवता येतात: म्म्म्माई, स्स्स्साठ, र्र्र्राग. क, ट, प, त लांबवता येत नाहीत. ते सुटे म्हणायला गेलं की मागे अ चिकटतोच, मग मूल 'क-आळी' ऐकतं. पुस्तकात क पहिला असतो म्हणून इथेही क पहिला, असं नाही.

सुटं व्यंजन कसं असतं हे दाखवायचं असेल तर शब्दाच्या शेवटी जा. अनुस्वार यांनी वर सांगितलंच आहे, शेवटचा अ आपण गिळतो. 'ऊस' म्हण आणि शेवटी थांब: ऊ–स्स्स्. हा अ नसलेला स्. तोच 'साठ'च्या सुरुवातीला आहे. पाय मोडक्या अक्षराची ओळख फळ्यावरच्या चिन्हापेक्षा या गिळलेल्या अ मधून लवकर होते.

तळटीप

ध्वनी ठीक, पण लिहिताना गाडं अडतं. 'सून'मधून 'ऊन' काढलं की पाटीवर सू जाऊन ऊ येतो, दोन्ही दिसायला संपूर्ण वेगळे. सावरकरांच्या लिपिशुद्धीत अ ला सगळ्या खुणा लावून स्वर लिहायचे: अि, अी, अु, अू, अे. या मुलांना तात्पुरतं 'अून' लिहून दाखवलं तर?

रिसोर्सरूम

फळ्यावर एकदा दाखवा आणि पुसा. वहीत नको, मूल पुन्हा ते परीक्षेत लिहील. आ, ओ, औ मध्ये काना-मात्रा मुळातच दिसतात, म्हणून आठ, आग, आज, ओळ यांच्यावर पंधरा दिवस सहज निघतात. ऊ आणि ए नंतर आणा, जोडीने: एका पत्त्याच्या एका बाजूला 'सू', मागे 'ऊ'. कॅलेंडरच्या जाड कागदाचे पत्ते पुरतात.

मेळघाट_लोकल

घरची भाषा वेगळी असेल तर चाचपणी सांभाळून करा. कोरकू ही मराठीच्या कुळातलीच नाही. अशा मुलाला 'दार–धार' वेगळे वाटले नाहीत किंवा 'मासोळी' शब्दच ठाऊक नसला तर तो शब्दसंग्रहाचा प्रश्न आहे. पहिल्या तीन पायऱ्यांसाठी घरच्या भाषेतले शब्द पालकांकडून किंवा मोठ्या भावंडांकडून गोळा करा. अक्षर गाळणं कुठल्याही भाषेत करता येतं.

बोलींचंही तसंच. वऱ्हाडात डोळ्याचा 'डोया' होतो, आगरीत ळ चा ल आणि ण चा न होतो. 'पाणी'ला 'पानी' म्हणणारं आणि लिहिणारं मूल जे ऐकतं ते इमानाने लिहितंय. ण–न आणि ळ–ल या जोड्या चाचणीत ठेवूच नका. काळ–काल, वेळ–वेल, सण–सन हे नंतर, प्रमाणभाषेचा पाठ म्हणून.

अनुस्वार

+१. आणि च, ज, झ सुद्धा पहिले दोन महिने बाहेर. एका खुणेचे दोन उच्चार आहेत. 'माझा'तला झ आणि 'माझी'तला झ वेगळे. 'चमचा'तले च आणि 'चमचे'तला शेवटचा च वेगळा. जगातला ज आणि 'जग!' या आज्ञेतला ज वेगळा. स्वर बदलायच्या खेळात माझा–माझी घेतलंत तर दाण्याबरोबर चिंचोकाही बदलतो, आणि चाणाक्ष मूल ते पकडतं.

उंबरठा

पालक म्हणून विचारते. चूक कानाची, डोळ्याची की नुसत्या घाईची हे घरी वहीवरून कळू शकतं का?

वाचा_भाषा

बरंचसं कळतं, पण एका पानावरून नको, आठ-दहा दिवसांचं लेखन समोर ठेवा.

ग च्या जागी घ, द च्या जागी ध, त च्या जागी थ: उच्चार जवळचे, आकार वेगळे. ही ध्वनीची चूक.
घ–ध, भ–म, थ–य, ब–व: आकार जवळचे. ही बहुधा दृश्य गल्लत. यांवर चिंचोके वापरून वेळ घालवू नका. दोन अक्षरं एकाच दिवशी शिकवणं टाळा आणि फरकाची जागा, म्हणजे घ ची सलग वरची रेघ आणि ध ची तुटकी, रंगीत खडूने गिरवून घ्या.
मात्रा गळणं: वर चाललंय तेच.
सगळं बरोबर, पण एका ओळीला मिनिट लागतंय: ध्वनींची जाण बरी आहे, वेग नाही. त्याला ध्वनिखेळ वाढवून फायदा नाही, तोच छोटा उतारा रोज तीनदा वाचू द्या.

ग–घ, त–थ गटासाठी कागदाची पट्टी: बोटभर रुंद, वीतभर लांब, ओठांपासून चार बोटांवर. 'त' म्हटलं तर जेमतेम हलते, 'थ' म्हटलं की उडते. ख आणि ठ लाही छान. फ टाळा, कारण बरेच जण 'फळ' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावतात आणि तो प चा जोडीदार राहत नाही. घ, ध, भ ला पट्टी कमी हलते, तिथे गळ्यावर हात ठेवून थरथर आणि तोंडासमोर तळहात ठेवून ऊब, अशा दोन्ही खुणा घ्या.

या सगळ्याच्या आधी श्रवणचाचणी. कान फुटणं, सारखी सर्दी, तोंडाने श्वास, टीव्हीचा आवाज मोठा, यातलं काहीही असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं असेल तर ऐकू येणं दिवसागणिक कमी-जास्त होतं, आणि घरच्यांना वाटतं मूल लक्ष देत नाही. शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक ऐकण्याची प्राथमिक तपासणी करतं, त्यांना नावं आधी देऊन ठेवा.

फळा_खडू

किती दिवस द्यायचे? आणि हे सगळं मुळात सिद्ध झालेलं आहे का? वरिष्ठ विचारणार.

तळटीप

वरिष्ठांसाठी थोडक्यात. १९७४ मध्ये इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलांना शब्दातले तुकडे ठोकून मोजायला सांगितले. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना बोलण्यातली अक्षरं मोजता आली, सुटे ध्वनी एकालाही नाहीत. पहिलीच्या शेवटी सुमारे ७० टक्क्यांना ध्वनी मोजता आले. वयामुळे की वाचायला शिकल्यामुळे? १९७९ मध्ये जोझे मोराइस आणि सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांना ध्वनी गाळायला, जोडायला सांगितले, ते त्यांना जमलं नाही. मोठेपणी साक्षर झालेल्यांना जमलं. म्हणजे ही जाण नुसत्या वयाने येत नाही, वाचनासोबत घडते.

आपल्या लिपिकुळातलं उदाहरण कन्नडचं. सोनाली नाग यांचा २००७ चा अभ्यास सांगतो की अक्षरं शिकणं तिथे तिसरी-चौथीपर्यंत चालू राहतं आणि सुट्या ध्वनीची जाण सावकाश येते. तेव्हा तिसरीतलं मूल 'माई'तून 'ई' काढतंय म्हणून लगेच शिक्का मारू नका.

वेळेचं: अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीच्या २००० च्या अहवालात एकूण ५ ते १८ तासांच्या सरावाचा परिणाम सर्वांत चांगला दिसला, लहान गटात, एक-दोन कौशल्यांवरच भर देऊन आणि अक्षरांची जोड देऊन. ते अभ्यास मुख्यतः इंग्रजीचे, हे ध्यानात ठेवायचं. तुमचे २० मिनिटं गुणिले ५ दिवस म्हणजे आठवड्याला १०० मिनिटं. तीन ते अकरा आठवड्यांत तेवढे तास भरतात.

रिसोर्सरूम

नेमाने दहा-बारा आठवडे करूनही एखादं मूल 'काका–काकू'वरच असेल तर पुढची तपासणी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेली 'डाली' ही वाचन-अक्षमतेची (डिस्लेक्सियाची) चाचणी मराठीतही आहे: शिक्षकाने भरायची चाळणी तक्ते आणि तज्ज्ञाने घ्यायची सविस्तर चाचणी. मराठी माध्यमाच्या मुलाला केवळ इंग्रजी उतारे वाचायला लावून निदान होत असेल तर मराठी चाचणीचा आग्रह धरा. विशिष्ट अध्ययन अक्षमता दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये समाविष्ट आहे, सवलतींसाठी अधिकृत सरकारी रुग्णालयाचा दाखला लागतो. मात्र दाखल्याची वाट बघत सराव थांबवू नका.

रविवारची_शाळा

परदेशातल्या मराठी शाळांत गाडी उलट्या दिशेने जाते. इंग्रजी शिकलेली मुलं क् आणि आ सहज सुटे करतात, चिंचोक्यांचा खेळ त्यांना दोन दिवसांत येतो. पण त–ट–थ–ठ चारही एकच ऐकू येतात. तिथे पट्टी आणि जिभेची जागा, यावरच सगळा वेळ जातो.

फळा_खडू

जोडाक्षरं कधी? 'पुस्तक'चं 'पुसतक' होतं.

अनुस्वार

'पुसतक' ही चांगली चूक आहे, सगळे ध्वनी जागेवर आहेत. 'पुतक' लिहिलं तर काळजी. बोलताना आपण पुस्–तक् तोडतो आणि लिहिताना पु–स्त–क. मूल जिथे तोडतं तिथे लिपी जोडते, भांडण एवढंच आहे. आधी टाळीप्रमाणे 'पुस् तक' असं दोन तुकड्यांत, पाय मोडून लिहू द्या, मग स् ला त जवळ सरकवा. रस्ता, पुस्तक, दप्तर, चप्पल, पत्ता असे मध्ये तुटणारे शब्द आधी. प्राणी, ग्लास, स्टूल हे सुरुवातीच्या जोडाक्षराचे नंतर. 'खिडकी'चं 'खिड्की' लिहिणारं मूल भेटेल. त्याचं ऐकणं अचूक आहे, लेखनाची रीत सांगा आणि पुढे चला.

र सगळ्यात शेवटी. चक्र, ट्रक, सूर्य, दऱ्या: चार रूपं. रफार तर फसवाच, ऐकू येतो य च्या आधी आणि बसतो य च्या डोक्यावर. दर्या आणि दऱ्या शेजारी लिहून टाळ्या वाजवायला लावा: दर्–या, द–ऱ्या. कुठे तुटतं ते हातालाच कळतं.

फळा_खडू

पहिल्या दोन आठवड्यांची आखणी अशी केली आहे, चुका दाखवा.
३ मिनिटं कालचे पाच पत्ते. ७ मिनिटं दाणे-चिंचोके. ७ मिनिटं तेच शब्द पाटीवर. ३ मिनिटं त्याच शब्दांची दोन वाक्यं वाचणं ('काकू गाडीत बसली' वगैरे).
स्वर बदल: काका–काकी–काकू, मामा–मामी, पाटा–पाटी, गोळा–गोळी, दोरा–दोरी, वाटा–वाटी.
व्यंजन गाळणे: माई, राई, साठ, राग, लेक, जाग, काज.

वाचा_भाषा

आखणी ठीक. एका बैठकीत सहा शब्दांच्या वर जाऊ नका, आणि स्वर बदल पक्का झाल्याशिवाय गाळणं सुरू करू नका, दोन्ही एकाच आठवड्यात नकोत. 'बसली' बिनकान्याने सुरू होतं आणि 'गाडीत'च्या शेवटी गिळलेला अ आहे, वाक्य 'काकी गाणी गाते' असं करा.

अनुस्वार

'जाग' आणि 'काज' काढा, ज आहे. त्यांच्या जागी 'नाक' घालू नका, 'आक' मुलाला कळणार नाही. 'माग' घ्या, आग निघते, आणि विणकराच्या मागाचं चित्र काढता येतं.

फळा_खडू

बदललं. चिंचोके धुवून वाळत घातलेत.